वारसा वास्तूंचे जतन आणि नागरी हॉटेल विकास : दक्षिण मुंबईच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शहराचा इतिहास जसा कागदपत्रांत असतो तसाच तो इमारतींतही असतो. कागदपत्रे अभिलेखागारात सुरक्षित ठेवता येतात. इमारतींना मात्र रस्त्यावर उभे राहूनच पाऊस, वाहतूक, भाडेकरू, मालक आणि जमिनीचे वाढते भाव या सर्वांना तोंड द्यावे लागते. त्यामुळे शहराच्या मध्यवर्ती भागात नवे हॉटेल उभारण्याचा प्रश्न निघाला की जुन्या इमारतीचे काय करायचे, हा प्रश्नही उपस्थित होतो. या वादात सामान्यतः दोन पक्ष दिसतात. एका पक्षाच्या मते जुनी इमारत ही विकासाच्या मार्गातील अडचण होय. दुसऱ्या पक्षाच्या मते प्रत्येक नवी इमारत ही वारशावरील आघात होय. प्रस्तुत निबंधात दक्षिण मुंबईतील फोर्ट व कुलाबा परिसरातील काही हॉटेल वास्तूंच्या आधारे या दोन्ही भूमिका तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

या अभ्यासासाठी हॉटेल हाच इमारतीचा प्रकार निवडण्यामागे एक कारण आहे. दक्षिण मुंबईत जुनी हॉटेले ही स्वतःच आज वारसा वास्तू ठरली आहेत. जे एकेकाळी 'नवा विकास' म्हणून उभे राहिले तेच पुढे जतनाचा विषय बनले. त्यामुळे जतन आणि विकास यांतील नाते येथे एकाच इमारतीच्या आयुष्यात पाहता येते.

तटबंदीचे पतन आणि हॉटेलांचा उदय

एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकापर्यंत मुंबईचा कोट तटबंदीने वेढलेला होता. सर बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असताना ही तटबंदी पाडण्यात आली आणि एस्प्लनेडची मोकळी जमीन बांधकामासाठी खुली झाली. आज ज्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्या उभ्या राहण्यासाठी एक जुनी ऐतिहासिक वास्तू, म्हणजे किल्ल्याची भिंत, नाहीशी व्हावी लागली, ही गोष्ट वारसा जतनाच्या चर्चेत सहसा लक्षात घेतली जात नाही.

याच काळात अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात आलेली तेजी, १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा आणि रेल्वेचा विस्तार यांमुळे मुंबईत येणाऱ्या प्रवाशांची संख्या वाढली. त्यांच्या निवासाची सोय करणे हा फायद्याचा व्यवसाय बनला. काही ठिकाणी जुन्याच इमारतींचा उपयोग बदलण्यात आला. फोर्टमधील ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग हे याचे उत्तम उदाहरण होय. अठराव्या शतकात गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांचे निवासस्थान असलेली ही वास्तू पुढे न्यायालयासाठी वापरली गेली, त्यानंतर तेथे ग्रेट वेस्टर्न हॉटेल चालले आणि अखेरीस कार्यालये व दुकाने आली. 'जुन्या वास्तूचा नवा उपयोग' ही कल्पना अलीकडची मानली जाते. परंतु व्यवहारात ती मुंबईला फार पूर्वीपासून परिचित होती, असे यावरून म्हणता येईल.

वॉटसन्स हॉटेल : वैभव आणि विघटन

काळा घोडा परिसरातील वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल हे या अभ्यासातील सर्वांत बोलके उदाहरण आहे. जॉन वॉटसन या इंग्रज व्यापाऱ्याने १८६० च्या दशकाच्या अखेरीस ही इमारत उभारली. तिचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा होता. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या भव्य छताच्या कामातही त्याचा सहभाग होता. वॉटसन्सच्या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने मुंबईत आणण्यात आला व येथे जोडण्यात आला. भारतात टिकून राहिलेल्या ओतीव लोखंडी सांगाड्याच्या बहुमजली इमारतींत ती सर्वांत जुनी मानली जाते.

७ जुलै १८९६ रोजी याच हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला. तिकिटाचा दर एक रुपया होता. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रीकरण केले. भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचे पहिले पान या इमारतीशी जोडलेले आहे. तथापि तिचा गौरव करताना तिची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. हे हॉटेल युरोपीय पाहुण्यांसाठी होते. जमशेटजी टाटा यांना येथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. या कथेच्या सत्यतेविषयी अभ्यासकांनी शंका व्यक्त केली आहे. परंतु ती इतकी वर्षे लोकांच्या तोंडी टिकली, यातच वसाहतकालीन हॉटेलांविषयीची लोकभावना व्यक्त होते. वारसा म्हणून आपण जे जपतो त्यात भेदभावाची आठवणही असते आणि ती पुसून टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

विसाव्या शतकात ताजच्या स्पर्धेमुळे वॉटसन्स मागे पडले आणि पुढे हॉटेल बंद झाले. इमारत प्रथम महेंद्र मॅन्शन व नंतर एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली जाऊ लागली. मोठ्या दालनांत लाकडी आडभिंती घालून लहान लहान गाळे करण्यात आले. न्यायालये जवळ असल्याने वकिलांची कार्यालये आली, काही कुटुंबे राहू लागली, तळमजल्यावर दुकाने निघाली.

येथे मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याचा विचार करणे आवश्यक ठरते. १९४७ च्या या कायद्याच्या नावातच भाड्याबरोबर हॉटेल व लॉजिंग हाऊसच्या दरांचाही उल्लेख होता. महायुद्धोत्तर टंचाईच्या काळात सामान्य भाडेकरूस संरक्षण देणे हा त्याचा न्याय्य हेतू होता. मात्र १९४० च्या पातळीवर गोठलेले भाडे पुढील अनेक दशके जवळजवळ तसेच राहिले. परिणामी दुरुस्तीचा खर्च आणि मिळणारे उत्पन्न यांत कोणताही मेळ उरला नाही. मालकास दुरुस्तीत स्वारस्य नाही, भाडेकरूस मालकी नाही आणि शासनाच्या दुरुस्ती यंत्रणेपुढे हजारो इमारतींची रांग, अशा स्थितीत वास्तू हळूहळू खचत जाते. हा दोष एकट्या मालकाचा किंवा एकट्या भाडेकरूचा नसून व्यवस्थेचा आहे.

२००५ मध्ये या इमारतीचा काही भाग कोसळून एका व्यक्तीचा मृत्यू झाला. जागतिक स्तरावर काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने धोक्यातील शंभर स्थळांच्या २००६ च्या यादीत तिचा समावेश केला. म्हणजे जगाच्या दृष्टीने ती अमूल्य ठरली त्याच सुमारास तिच्या सावलीत चालणाऱ्या माणसाचे प्राण गेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडण्याची शिफारस झाली, तर वास्तुसंवर्धन क्षेत्रातील तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे मत मांडले. एकाच इमारतीविषयी तज्ज्ञांचीही मते किती भिन्न असू शकतात, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

ताजमहाल हॉटेल : विस्तार आणि सातत्य

वॉटसन्सपासून थोड्याच अंतरावर असलेले ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांनी आखलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी, जेट विमानांमुळे परदेशी पर्यटकांची संख्या वाढत असताना, ताजच्या व्यवस्थापनापुढे विस्ताराचा प्रश्न होता. त्या वेळी मूळ इमारत कायम ठेवून शेजारच्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी बहुमजली टॉवर उभारण्यात आला. तो १९७३ मध्ये पूर्ण झाला.

या निर्णयाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. ग्रीन्स हॉटेल ही स्वतः एक जुनी, अपोलो बंदरच्या दृश्याचा भाग असलेली इमारत होती. ती गेली. टॉवरच्या उंचीमुळे गेटवे ऑफ इंडियाच्या परिसराची प्रमाणबद्धता बदलली, हा आक्षेपही निराधार नाही. दुसरीकडे, टॉवरमुळे खोल्यांची संख्या वाढली आणि जुन्या इमारतीवर अधिक मजले चढवण्याचे किंवा तीच पाडण्याचे कारण उरले नाही. त्या काळी मुंबईत वारसा नियमावली नव्हती, त्यामुळे हा प्रश्न कोणत्याही समितीपुढे गेला नाही. आज तसाच प्रस्ताव आला असता तर तो इतक्या सहजपणे मंजूर झाला नसता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जुन्या इमारतीचे मोठे नुकसान झाले. टॉवरचा भाग डिसेंबर २००८ मध्येच पुन्हा सुरू झाला आणि जुनी इमारत पुनर्बांधणीनंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी खुली झाली. आगीत होरपळलेली वास्तू दोन वर्षांच्या आत उभी राहते आणि शेजारची, कोणीही हल्ला न केलेली वास्तू केवळ दुर्लक्षाने खचते, हा विरोधाभास विचार करण्यासारखा आहे. एकसंध मालकी, नियमित उत्पन्न आणि मूळ उपयोगाचे सातत्य या तीन गोष्टी ताजकडे होत्या. वॉटसन्सकडे त्यांपैकी एकही उरली नव्हती.

आणखी दोन पर्याय

ताजचा टॉवर पूर्ण झाला त्याच वर्षी, १९७३ मध्ये, नरिमन पॉइंट येथे ओबेरॉय समूहाचे हॉटेल सुरू झाले. समुद्रात भराव घालून मिळवलेल्या या जमिनीवर पाडण्यासारखे काहीच नव्हते. नव्या हॉटेलांना नवी जमीन देणे आणि जुन्या वस्तीवरील ताण कमी करणे, हा पर्याय वरवर पाहता आदर्श वाटतो. मात्र भरावाची किंमत समुद्राला आणि किनाऱ्याला मोजावी लागते, आणि प्रत्येक शहराला ती सोय उपलब्ध नसते.

दुसरा पर्याय कुलाब्यातील मॅजेस्टिक हॉटेलचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चेंबर्स यांच्याच आराखड्यानुसार बांधलेली ही इंडो-सारसेनिक शैलीची इमारत पुढे राज्य शासनाकडे आली आणि 'मॅजेस्टिक आमदार निवास' झाली. तळमजल्यावरील सहकारी भांडारामुळे ती सामान्य मुंबईकरांच्याही परिचयाची झाली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून कामानिमित्त आपल्या आमदारास भेटण्यासाठी आलेल्या कार्यकर्त्यांनी तिच्या जिन्यांची पायरी झिजवली. एका साहेबी हॉटेलाचे असे लोकशाहीकरण होणे, ही सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना आहे. इमारतीचे मूल्य केवळ तिच्या घुमटांत नसून तिच्या वापरातही असते, हे यावरून लक्षात येते.

कायद्याची चौकट आणि तिच्या मर्यादा

१९९५ मध्ये बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ६७ अन्वये वारसा वास्तूंच्या संरक्षणाची तरतूद झाली. शहर पातळीवर अशी नियमावली करणारे मुंबई हे देशातील पहिले शहर ठरले. वास्तूंची पहिली, दुसरी व तिसरी श्रेणी ठरवण्यात आली आणि वारसा संवर्धन समिती अस्तित्वात आली. पहिल्या श्रेणीत बदलास जवळजवळ वाव नाही. दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदल व नवा उपयोग यांस मर्यादित वाव आहे, तर तिसऱ्या श्रेणीत अधिक लवचीकता आहे. विकासाचा हक्क गमावणाऱ्या मालकास हस्तांतरणीय विकास हक्क देण्याचीही सोय करण्यात आली. पुढे २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

ही प्रगती स्वागतार्ह आहे. तथापि यादीत नाव येणे म्हणजे वास्तू वाचणे नव्हे. वॉटसन्सची इमारत यादीत होती, तरीही तिचे सज्जे गळत राहिले. नियमावली 'काय करू नये' हे स्पष्टपणे सांगते. 'कोणी, कोणत्या पैशातून, काय करावे' याविषयी ती तेवढी स्पष्ट नाही. तसेच नियमावलीचा भर इमारतीच्या दर्शनी भागावर आहे, आतील माणसांवर नाही. जुनी इमारत दुरुस्त करून तेथे हॉटेल काढले, पण पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भाडेकरू विस्थापित झाले, तर दगड वाचतील आणि वस्ती हरवेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी दिसून येतात. एक, हॉटेल विकास हा वारशाचा शत्रूही नाही आणि आपोआप मित्रही नाही. ज्या वास्तूस उपयोग व उत्पन्न आहे ती टिकते, हे ताजने दाखवले. उपयोग तुटला की यादीतील स्थानही तिला वाचवू शकत नाही, हे वॉटसन्सने दाखवले. दोन, विस्तारासाठी शेजारची कोणती वास्तू जाणार, हा प्रश्न मुख्य वास्तूच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे. ग्रीन्स हॉटेलचे उदाहरण या संदर्भात सूचक आहे. तीन, भाडेकरूंचे पुनर्वसन हा जतनाच्या योजनेचाच भाग असला पाहिजे. तो नंतर सोडवण्याचा प्रश्न नव्हे. चार, दुरुस्तीचा निर्णय इमारत कोसळण्याच्या बेतात आल्यावर न घेता नियमित तपासणीच्या आधारे घेतला गेला पाहिजे.

इतिहासाच्या अध्यापकाची यात काय भूमिका असावी, हाही प्रश्न आहे. आपल्या गावातील जुना वाडा, धर्मशाळा, गिरणी किंवा बसस्थानकालगतचे जुने लॉज यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेणे, वापरणाऱ्यांच्या आठवणी टिपून ठेवणे, एवढे तरी प्रत्येक महाविद्यालयास शक्य आहे. एखादी इमारत अखेरीस वाचेल की नाही हे आपल्या हाती नसते. परंतु तिच्याविषयी निर्णय घेणाऱ्यांपुढे तिचा इतिहास लिखित स्वरूपात असावा, ही जबाबदारी निश्चितच आपली आहे. मुंबईने तटबंदी पाडली तेव्हा ती भिंत कोणासाठी काय होती, हे विचारणारे फार थोडे होते. आज तो प्रश्न विचारता येतो आणि तो वेळेवर विचारला जाणे हेच जतनाचे पहिले पाऊल होय.