अर्ध्या इंचाचा धडा
टालीलिन या छोट्या रेल्वेचे १९५०-५१ हे वर्ष

दगडी पाटी आता शाळांतून जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. पण ज्यांनी ती वापरली आहे त्यांना तिचा दगड चांगला आठवत असेल. काळसर, गुळगुळीत, पातळ आणि पाणी न शोषणारा. स्लेट नावाच्या या रूपांतरित खडकाचे पातळ थर छिन्नीने सुटे करता येतात. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात हा खडक विपुल आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे त्याचा मुख्य उपयोग घरांची छपरे शाकारण्यासाठी होत असे.

या दगडासाठी बांधलेल्या एका रेल्वेची ही हकिगत आहे. तिची सुरुवात मात्र वेल्समध्ये नाही, अमेरिकेत होते. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडला होणारा कापसाचा पुरवठा तुटला. याचा मुंबईवर झालेला परिणाम आपण इतिहासात वाचतो. कापसाचे भाव कडाडले, शहरात पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा माजला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो फुगा फुटला. मँचेस्टरकडे याच घटनेची दुसरी बाजू दिसली. कापसावाचून गिरण्या थांबू लागल्या, तेव्हा मॅककॉनेल या गिरणीमालक घराण्याने आपला पैसा दुसऱ्या धंद्यात घालायचे ठरवले. त्यांनी वेल्सच्या डोंगरातील ब्रिन एग्लुइस ही स्लेटची खाण घेतली आणि दगड किनाऱ्यावरील टौविन गावापर्यंत आणण्यासाठी १८६५ साली टालीलिन रेल्वे बांधली.

ही रेल्वे लहानशी होती. लांबी सुमारे साडेअकरा किलोमीटर. दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, २ फूट ३ इंच किंवा ६८६ मिलिमीटर. आपल्याकडच्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर आहे, यावरून कल्पना यावी. इंजिने दोनच होती, ‘टालीलिन’ आणि ‘डोल्गोख’.

१८६६ साली प्रवासी वाहतुकीला परवानगी देण्यासाठी सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर आले, तेव्हा एक चूक उघडकीस आली. रस्त्यावरचे पूल अरुंद बांधले गेले होते. गाडी पुलाखालून जाताना डबा आणि भिंत यांच्यात पुरेशी जागा उरत नव्हती. पूल पाडण्याऐवजी एक सोपा तोडगा काढण्यात आला. डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद केली आणि पुलांखालचे रूळ त्याच बाजूला थोडे सरकवले, म्हणजे दारांच्या बाजूला जागा मोकळी झाली. आजही या गाडीत एकाच बाजूने चढता-उतरता येते. चूक दुरुस्त न करता तिच्याशी जुळवून घेण्याचे हे उदाहरण लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९११ साली खाण आणि रेल्वे दोन्ही सर हेडन जोन्स यांनी विकत घेतल्या. ते तेथील पार्लमेंट सदस्य होते. आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालेल असा त्यांनी शब्द दिला होता. १९४६ च्या डिसेंबरात खाणीचा काही भाग कोसळला आणि खाण बंद पडली. ज्या कामासाठी रेल्वे बांधली तेच संपले. तरीही सर हेडन पदरमोड करून आठवड्यातून दोन दिवस गाडी चालवत राहिले. १९४८ साली ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण टालीलिन रेल्वे त्यातून वगळली गेली. हे वगळले जाणे पुढे तिच्या पथ्यावर पडले. शेजारच्या, नेमक्या त्याच गेजच्या कॉरिस रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी ती बंद करण्यात आली.

२ जुलै १९५० रोजी सर हेडन वारले. आता काय होणार हे उघड होते. जुने रूळ मोडीत विकले गेले असते आणि प्रश्न मिटला असता.

या ठिकाणी टॉम रोल्ट हे नाव पुढे येते. रोल्ट हे शिक्षणाने इंजिनियर आणि व्यवसायाने लेखक होते. ब्रिटनचे जुने कालवे वाचवण्याच्या चळवळीच्या संस्थापकांपैकी ते एक होते. त्यांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या पुढाकाराने ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलात सभा झाली आणि रेल्वे वाचवण्यासाठी संस्था काढायचे ठरले. हौशी लोकांनी स्वयंसेवकांच्या बळावर सार्वजनिक रेल्वे चालवल्याचे उदाहरण तोवर जगात नव्हते. सर हेडन यांच्या पत्नीने सहकार्य केले आणि १९५१ च्या फेब्रुवारीत रेल्वेची सूत्रे नव्या मंडळींकडे आली. रोल्ट व्यवस्थापक झाले आणि डेव्हिड कर्वेन यांनी इंजिनांची जबाबदारी घेतली.

हाती काय होते? ‘टालीलिन’ इंजिन चालवण्याच्या पलीकडे गेलेले होते. एकटे ‘डोल्गोख’ कसेबसे चालत होते आणि त्याचे वय पंच्याऐंशी वर्षांचे होते. स्लीपर कुजलेले होते. काही ठिकाणी गवताच्या मुळांनीच रूळ धरून ठेवल्यासारखे दिसत. संस्थेने बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेतली. गेज तेच, किंमत मोडीची. सौदा उत्तम वाटला.

१४ मे १९५१ रोजी ‘डोल्गोख’ने पहिली गाडी ओढली. ती टौविनहून वाटेतल्या रिडरोनेन स्टेशनापर्यंतच गेली. ४ जूनपासून नियमित गाड्या सुरू झाल्या आणि उन्हाळाभर चालल्या. दरम्यान कॉरिसहून आलेले क्रमांक ३ चे इंजिन मार्गावर आणले गेले. ते पुन्हा पुन्हा रुळांवरून घसरू लागले.

कारण शोधताना रूळ मोजले गेले आणि कोडे उलगडले. टालीलिनचे गेज कागदावर २ फूट ३ इंच होते, पण प्रत्यक्षात रूळ सुमारे अर्धा इंच, म्हणजे १३ मिलिमीटर जास्त अंतरावर बसवलेले होते. हा गलथानपणा नव्हता. जुन्या कंपनीने ते जाणूनबुजून केले होते.

असे का करावे लागले, हे वर्गात सहज दाखवता येईल. कागदावर एकाच केंद्रबिंदूभोवती दोन चाप काढा. हे झाले वळणावरचे रूळ. आता पुठ्ठ्याचा एक आखूड आणि एक लांब आयत कापा. दोन्हींची रुंदी रुळांमधल्या अंतरापेक्षा किंचित कमी ठेवा. आखूड आयत चापांमध्ये बसतो. लांब आयताचे कोपरे बाहेरच्या चापाला आणि मधला भाग आतल्या चापाला टेकतो. चापांमधले अंतर थोडे वाढवले की तोही बसतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जास्त असलेल्या इंजिनाचे वळणावर असेच होते. ‘टालीलिन’ इंजिनाला नंतर मागे एक जास्तीची चाकजोडी बसवली होती, त्यामुळे हे अंतर वाढले होते. म्हणून रूळ फाकवण्यात आले.

पण फाकवलेल्या रुळांवर चाक टिकते कसे? रेल्वेच्या चाकाला दोन भाग असतात. रुळावर टेकणारा सपाट पट्टा आणि आतल्या बाजूची उभी कड. रूळ जितके लांब जातील तितका पट्टा रुळावर कमी टेकतो. पट्टा अरुंद असेल तर चाक रुळांच्या आत खाली पडते. टालीलिनच्या दोन्ही जुन्या इंजिनांच्या चाकांचे पट्टे नेहमीपेक्षा रुंद होते, म्हणून ती निभावून नेत. कॉरिसच्या इंजिनाची चाके योग्य गेजसाठी बनवलेली होती, म्हणूनच ते घसरत होते.

म्हणजे या रेल्वेवर इंजिन, चाके आणि रूळ यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी जुळवून घेतले होते. त्यातला एक भाग बाहेरून आणताच बाकीचे उघडे पडले. प्रमाण मापांचे महत्त्व विद्यार्थ्यांना सांगताना आपण बहुधा मीटर आणि किलोग्रॅमच्या व्याख्या सांगतो. येथे तेच महत्त्व अर्ध्या इंचात दिसते. जोवर सारे घरातच होते तोवर स्वतःचे माप चालून गेले. दुसऱ्याचे यंत्र आणताच ते अडले.

उपायाला बरीच वर्षे लागली. रूळ हळूहळू योग्य गेजवर पुन्हा टाकण्यात आले आणि ‘टालीलिन’ची मागची चाके वळणावर आडवी सरकू शकतील अशी केली गेली. कॉरिसचे दुसरे इंजिन हन्स्लेट कंपनीने फुकट दुरुस्त करून दिले आणि ते १९५२ मध्ये कामाला लागले.

आता एक प्रश्न उरतो. रूळ बदलले, चाके बदलली, तर वाचवले काय? हा प्रश्न जुन्या वस्तूंचे जतन करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. काचेच्या पेटीतले इंजिन जसेच्या तसे ठेवता येते, पण ते चालत नाही. चालणारे इंजिन झिजते आणि त्याचे भाग बदलावेच लागतात. टालीलिनच्या मंडळींनी चालण्याच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे बॉयलरखाली विस्तव कसा धरावा, चढावर वाफ कशी राखावी, झिजलेला भाग आवाजावरून कसा ओळखावा, हे सारे माणसाकडून माणसाकडे जात राहिले.

त्यांचे पाहून इतरांना धीर आला. वेल्समधील फेस्टिनिऑग रेल्वे १९५५ साली पुन्हा सुरू झाली, इंग्लंडमधील ब्लूबेल रेल्वे १९६० साली. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या स्लेट परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात ब्रिन एग्लुइसची खाण आणि टालीलिन रेल्वेही आहे.

आपल्या गावातही एखादी जुनी पिठाची गिरणी, उसाचा चरक किंवा छापखान्याचे यंत्र असेल. विद्यार्थ्यांना तेथे न्यावे आणि ते चालवणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारायला सांगावे: या यंत्रात तुम्ही स्वतः कोणता बदल केला आहे, आणि का? उत्तर वहीत लिहून ठेवावे. ते दुसरीकडे कुठे लिहिलेले असण्याचा संभव कमीच.