वतनाबाहेरचे वाद्य

गावगाड्यात सनई-हलगी वाजवणे हे मातंगांकडे आलेले बलुत्याचे काम होते. सूर मांडवात आणि वाजवणारा मांडवाबाहेर, अशी ही व्यवस्था! १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीची कामे नाकारताना अनेक ठिकाणी नवबौद्धांनीही वाजवणे सोडले. त्यामागील स्वाभिमान रास्तच होता. परंतु नाकारायची होती ती सक्ती, सूर नव्हे. आज आपल्यातील शिकलेला माणूस तिशी-चाळिशीत क्लॅरनेट हाती घेतो, तेव्हा हा भेद त्याने ध्यानात ठेवला पाहिजे.

क्लॅरनेट कोणत्याही वतनात नव्हते. अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे डेनर या कारागिराने ते घडवले. इंग्रजांच्या लष्करी बँडबरोबर ते इकडे आले आणि पुढे लग्नाच्या बँडमध्ये शिरले. घरात पिढीजात सनई असली तरी ते नव्यानेच शिकावे लागते. सनईची नळी खाली रुंदावत जाते, त्यामुळे फुंक वाढवली की तोच स्वर वरच्या सप्तकात येतो. क्लॅरनेटची नळी बहुतांशी सरळ असते. सा धरून मागची चावी दाबली की वरचा सा नव्हे, त्याच्याही पुढचा पंचम येतो! कला जन्माने येते म्हणणाऱ्यांनी हे तपासून पाहावे.

जुने वाद्य घेताना इतिहास उपयोगी पडतो. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चढ्या सुरात वाजत. त्या काळचे वाद्य स्वस्त मिळाले तरी आजच्या पेटीशी जुळत नाही. आफ्रिकेतील काळ्या लाकडाचे वाद्य उत्तम, पण ओल आणि उन्हाने ते तडकते. नवशिक्याला एबोनाइटचे किंवा प्लॅस्टिकचे बरे. एकेका तुकड्याची छिद्रे झाकून, खालचे तोंड बंद करून हवा ओढावी. ओढ टिकली तर पॅड नीट बसलेले आहेत. रीड दोन किंवा अडीच नंबरची घ्यावी. वाजवून झाल्यावर ती सोडवून सपाट ठेवावी, नळीतून सुती फडके ओढावे आणि सांध्यांच्या बुचाला अधूनमधून ग्रीस लावावे.

ही सारी विद्या बँडवाल्यांकडे आहे. रस्त्यावर, धुळीत आणि पावसात वाद्य जपत त्यांनी ती मिळवली आहे. तेव्हा पदवीधराने त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसावे आणि शिकवणीचे पैसे आधी ठरवून द्यावेत. बलुत्याने वाजवणाऱ्याला धान्य दिले, उष्टे दिले. गुरूचे स्थान कधी दिले नाही.