माझ्या वाटणीचा मोर

परवा गाडीत ‘नाच रे मोरा’ लावलं होतं. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, हे लहान मुलांचं गाणं आहे ना? मग तू कशाला म्हणतोस?" मला उत्तर सुचेना. लावलं होतं तिच्यासाठी, पण गात होतो मीच!

इतर बरीच बालगीतं तिसऱ्यांदा लागली की माझं डोकं उठतं. याचं तसं का होत नाही?

हे गाणं १९५३ च्या ‘देवबाप्पा’ या राम गबाले यांच्या चित्रपटातलं. शब्द गदिमांचे, चाल पु. लं.ची, आवाज आशा भोसले यांचा. गदिमा आणि पु. ल. दोघंही १९१९ चे, म्हणजे तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षांचे. आशाबाई जेमतेम विशीच्या. गंमत म्हणजे त्याच वर्षी ‘गुळाचा गणपती’ आला. त्यात भीमसेन जोशींनी गायलेलं ‘इंद्रायणी काठी’ आहे, तेही याच गीतकार-संगीतकार जोडीचं. एकीकडे अभंगाच्या वळणाचं गाणं, दुसरीकडे मोराचं. पण मुलांचं म्हणून मोराच्या गाण्यात हात आखडता घेतलेला कुठे जाणवत नाही. उपदेशही नाही. ढग, वारा, पाऊस, तळं आणि शेवटी इंद्रधनुष्य, बस्स.

शब्द बघा. ढगांसाठी पिंजलेल्या काळ्या कापसाची उपमा आहे. दारोदार फिरणारा पिंजारी आणि त्याची धनुकली ज्यांनी पाहिली, त्यांना ते आभाळ लगेच दिसतं. लेकीला नुसता कापूस दिसतो, तरी तिचं काही अडत नाही. गाणं दोघांनाही आपापला वाटा देतं.

गेल्या पावसाळ्यात आई गावाहून आली होती. लेक इंग्रजी शाळेतली, आजीशी बोलताना मराठी शब्द शोधत राहते. मग दोघी गप्प बसतात. मला ते फार लागतं. एका दुपारी हेच गाणं चालू होतं आणि लेकीने विचारलं, "आजी, इरलं म्हणजे काय गं?"

आई खुलली. भात लावताना डोक्या-पाठीवर घ्यायचं ते बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं, त्यावर वाजणारा पाऊस, वाकून वाकून धरलेली कंबर... तासभर सांगत होती. यातलं बरंचसं मीही पहिल्यांदाच ऐकलं. आईने लावणी केली आहे हे मला ठाऊक होतं. तिची कंबर तेव्हापासून दुखते हे मी कधी विचारलंच नव्हतं.

असो. लेकीला उत्तर द्यायचं राहिलंच आहे. पुढच्या वेळी सांगेन, "अगं, हे तुझंच गाणं आहे. पण त्यात आजीचं इरलं आहे ना, म्हणून मीही म्हणतो."