मैदानावरचा काला

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, तेव्हा कुणाच्या शिदोरीत काय होते हे पुढे ओळखू येत नाही. दही, लाह्या, लोणचे, सारे एक होते. काल्याचे कीर्तन मी पुष्कळ वर्षे केले. पण हाच काला संध्याकाळच्या मैदानावर मांडणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली, त्यांचे नाव मी कीर्तनात कधी घेतले नाही. ती चूक माझी.

४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दल उभे राहिले, दलप्रमुख एस. एम. जोशी. धर्माधर्मांत तेढ वाढत होती, पोरे आपापल्या धर्माच्या झेंड्याखाली वेगळी होऊ लागली होती. दलाच्या शाखेत हिंदू-मुसलमान, मुलगे-मुली एकत्र खेळायचे, गायचे, मग बसून चर्चा करायची. आजकाल सर्वधर्म मेळावे भरतात. व्यासपीठावर चार धर्मांचे चार वक्ते, आणि समोर पोरे जांभया देतात. दलाने आधी घाम गाळायला लावला, बोलणे नंतर. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई कोवळ्या वयात याच दलाकडे आले आणि पुढे १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांची सगळीच मते भाविकांना पटणारी नाहीत, हेही खरे.

या मुलांचे दैवत साने गुरुजी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांचे बंदी भेटले, तेव्हा दुसऱ्याची भाषा शिकल्यावाचून माणूस जवळ येत नाही हे त्यांना उमगले. आंतरभारतीचे बीज तिथले. पैगंबरांचे चरित्रही त्यांनी मराठीत लिहिले, आणि तेही भक्ताच्या जिव्हाळ्याने.

१ मे १९४७ रोजी गुरुजी पंढरपुरी उपोषणाला बसले. विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे, एवढीच मागणी. त्याआधी ते महाराष्ट्रभर हिंडले, दलाची तरुण मंडळी बरोबर गाणी गात होती. महात्माजींनी उपोषण सोडण्याविषयी कळवले, तरी गुरुजी मागे हटले नाहीत. दहाव्या दिवशी बडव्यांनी होकार दिला आणि उपोषण सुटले. आपल्या संप्रदायातले कितीतरी जण त्या वेळी विरोधात होते, ते झाकण्यात अर्थ नाही. मात्र गुरुजींना बसायला जागा दिली तीही तनपुरे महाराजांच्या मठाने.

देहूहून तुकोबांची पालखी निघते, तेव्हा अनगडशहांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग-आरती होते. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. मग मैदानावरच्या पोरांशी आपले काय वाकडे होते?

आता कीर्तन थांबले आहे. टाळकरी पोरे घरी येतात, त्यांना त्या दहा दिवसांची हकीकत सांगतो. परवा एकाने विचारले, "बुवा, तेव्हा आपला फड कुणाकडे होता?"

"विरोधकांत," मी म्हटले. थोरल्या बुवांच्या तोंडूनच ते ऐकले होते.