ड्राय सूट : निवड, जोडसाहित्य आणि निगा (वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात)

ड्राय सूट : पाणबुड्याच्या अंगाला पाणी लागू न देणारा, मानेपासून तळपायापर्यंतचा जलाभेद्य पोशाख. वेट सूटमध्ये रबर आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो व अंगाच्या उबेने कोमट होतो. ड्राय सूटमध्ये त्या जागी हवा असते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते, म्हणून स्वीडन, नॉर्वे, ब्रिटन अशा थंड पाण्याच्या देशांत हा पोशाख रुळला. मराठी वाचकाला स्कूबा माहीत आहे ती मालवण–तारकर्लीची. तिथले समुद्राचे पाणी उबदार असल्याने ड्राय सूटचा प्रश्नच येत नाही. मग समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या, १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात त्याचा विचार कशासाठी करायचा? थंडीच्या हिशेबाने पाहिले तर गरज नाही. इथल्या विहिरींचे पाणी हिवाळ्यात उलट कोमटच लागते. परंतु या पोशाखाचा दुसरा गुण म्हणजे पाणबुडा आणि पाणी यांच्यात पडदा धरणे, आणि वाशिमला उपयोग आहे तो याच गुणाचा.

जिल्ह्यात पाण्यात उतरण्याचे काम मौजेसाठी होत नाही, शोधासाठी होते. पैनगंगा, अडाण, काटेपूर्णा या नद्या, एकबुर्जी आणि अडाणसारखे जलाशय, आणि त्याहून कितीतरी जास्त म्हणजे शेतातल्या विहिरी, ही त्या कामाची ठिकाणे. माणूस बुडाला की गावातले पट्टीचे पोहणारे, बहुधा भोई समाजातले, आधी उतरतात. गळ टाकला जातो, दोराने बाज सोडली जाते. त्यानंतर पथके येतात. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पिंजरचे संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक या भागात परिचित आहे. ज्या पाण्यात हे लोक उतरतात त्यात पावसाळ्यात सोयाबीन–तुरीच्या शेतांवरून वाहून आलेली फवारणीची औषधे असतात, गावाजवळ सांडपाणी असते, जनावरांचे मूत्र असते आणि शोध लांबला तर कुजणारे शरीरही असते. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू त्वचेवरच्या ओरखड्यातून किंवा डोळ्या-तोंडाच्या ओल्या पडद्यातून शिरतो. ‘आमची माणसे वर्षानुवर्षे उघड्या अंगाने उतरतात, त्यांना काय झाले?’ असा आक्षेप इथे नेहमी येतो. त्याचे उत्तर या रोगाच्या चालीतच आहे. लागण झाल्यावर तापाला साधारणतः एक ते दोन आठवडे, कधी महिनाही लागतो. तोवर विहीर विसरली गेलेली असते आणि ताप हंगामी म्हणून अंगावर काढला जातो. पुरावा दिसत नाही याचे कारण तो कोणी विहिरीशी जोडून पाहत नाही.

हे मान्य केले की निवडीचे निकष बदलतात. थंड पाण्यासाठी सूट घेणारा फोम निओप्रीन पसंत करतो, कारण त्यातल्या बुडबुड्यांमुळे ऊब मिळते. दूषित पाण्यासाठी तोच अवगुण ठरतो : जाड, सच्छिद्र कापड घाण शोषते आणि पूर्ण निर्जंतुक होत नाही. नायलॉन–ब्यूटाइल–पॉलिएस्टर अशा तीन थरांचे कापड हलके आणि लवकर वाळणारे असते, पण त्याचा बाहेरचा थर विणलेलाच असतो. व्हल्कनाइज्ड रबराचा गुळगुळीत सूट जड आणि बेढब असला तरी पाण्याच्या झोताने व साबणाने स्वच्छ निघतो, आणि काट्याने वा सळईने फाटला तर ठिगळ पक्के बसते. जगभरातले दूषित पाण्यात काम करणारे पाणबुडे बहुधा तोच वापरतात. वाशिमसाठीही तोच घ्यावा. बूट सूटलाच जोडलेले हवेत. हातमोजे कड्याने मनगटाशी बंद होणारे आणि डोक्यावरचे आवरण रबराचे असावे. सर्वांत महत्त्वाचा पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा. साध्या स्कूबात तोंडात धरायच्या नळीमुळे ओठ पाण्यातच राहतात, म्हणजे सारा पोशाख करूनही मुख्य दार उघडेच. पडीक विहिरीत पाण्याच्या वर प्राणवायू कमी असण्याचा धोका वेगळाच. म्हणून काठावर येईपर्यंत मुखवटा आणि सिलिंडर सोडू नये.

सूटचे खरे आयुष्य कापडात नसते. ते सील, झिप आणि व्हॉल्व्ह या तीन ठिकाणी असते. मानेचे व मनगटाचे सील लेटेक्सचे, सिलिकॉनचे किंवा निओप्रीनचे येतात. पथकाचा सूट आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या अंगावर चढतो, त्यामुळे कड्यावर बसणारे, जागेवर बदलता येणारे सील घेणे शहाणपणाचे. मानेचा सील घट्ट असला की सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. तो मानेतल्या धमनीवर दाब देऊन पाणबुड्याला भोवळ आणू शकतो. लेटेक्स सैल करायचे तर एका वेळी एकच वळी कापावी. छातीवरच्या व्हॉल्व्हने सूटमध्ये हवा भरतात, दंडावरच्या व्हॉल्व्हने सोडतात. सुमारे १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होऊन सूटमधली हवा निम्मी होते आणि अंग आवळले जाते. वर येताना तीच हवा फुगते. ती सोडली नाही, किंवा पाय वर होऊन पायांत गेली, तर पाणबुडा बाटलीच्या बुचासारखा वर फेकला जातो. अरुंद विहिरीत हे जिवावर बेतते. म्हणून सूटबरोबर प्रशिक्षणही खरेदी केले नाही तर ही खरेदी धोक्याचीच.

उन्हाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना बंद रबरात माणूस पाण्यात उतरण्याआधीच उष्माघाताने पडू शकतो. अमेरिकेच्या नोआ या संस्थेने १९८० च्या दशकात दूषित पाण्यातील डुबकीचा अभ्यास करताना सूटच्या आत दुसरा सूट घालून मध्ये स्वच्छ पाणी खेळवण्याची रचना तपासली होती, यावरून हा त्रास किती खरा आहे ते कळते. मात्र जिवंत माणसाला वाचवायचे असते तेव्हा सूट चढवण्याइतका वेळच नसतो. ते काम दोराचे, तराफ्याचे आणि काठावरच्या पोहणाऱ्याचे. सूटची वेळ येते ती आशा संपल्यावरच्या शोधात, आणि त्या शोधाला पहाटेची वेळ निवडता येते. आत पातळ सुती कपडे, सावलीत तयारी, झिप शेवटच्या क्षणी बंद, सूटवर बाहेरून पाणी आणि डुबकी थोडक्यात. एवढे पाळता येत नसेल तर त्या दिवशी उतरू नये.

हेच ऊन कपाटातल्या सूटलाही सोडत नाही. बाहेरच्या देशांत सील वापराने झिजतात. इथे ते पडून पडून सडतात. लेटेक्सचे शत्रू म्हणजे उष्णता, सूर्यप्रकाश, तेल आणि ओझोन. विजेच्या मोटारीच्या ठिणग्यांतून ओझोन निर्माण होतो, म्हणून पंपघर किंवा जनरेटरची खोली ही सूट ठेवण्याची सर्वांत वाईट जागा. टिनाचे शेड आणि उन्हात उभी गाडी तितकीच वाईट. सूट थंड, अंधाऱ्या, कोरड्या खोलीत घडीचा दाब न देता ठेवावा. सीलला सुगंधविरहित टाल्क लावावी, सुगंधी पावडरीतले तेल रबर खाते. सील बसवल्याची तारीख आतल्या बाजूस लिहून ठेवावी आणि न वापरलेला सीलही चिकट वा भेगाळ दिसताच बदलावा.

डुबकीनंतर सूट अंगावर असतानाच, झिप बंद ठेवून, आधी स्वच्छ पाण्याने व साबणाने, मग उत्पादकाने मान्य केलेल्या जंतुनाशकाने धुवावा. धुणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. ते पाणी पुन्हा विहिरीत जाऊ देऊ नये. एकबुर्जी वाशिम शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे. गटाराच्या पाण्यातून आलेला सूट न धुता तिथे उतरवणे हा शहरावर अन्याय. काळ्या मातीचा चिकट गाळ झिपच्या दातांत व व्हॉल्व्हच्या पडद्यात बसतो आणि तिथूनच गळती सुरू होते. म्हणून व्हॉल्व्ह पाण्याखाली उघडझाप करून धुवावा, झिप मऊ ब्रशने साफ करावी. पितळी दातांच्या झिपला मेण चोळून ती उघडी ठेवावी, प्लास्टिकच्या झिपला मात्र तिचेच वंगण. सिलिकॉनचा फवारा कधी नको, पुढे ठिगळ चिकटत नाही. महिन्यातून एकदा सीलमध्ये बाटल्या अडकवून सूट फुगवावा आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

राहिला खर्चाचा आक्षेप. प्रत्येक तालुक्याला सूट देण्याची गरज नाही, पण एकच सूट घेणेही निरर्थक : खाली गेलेल्याच्या मदतीला काठावर दुसरा पाणबुडा तसाच तयार लागतो. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे दोन सूट, दोन मुखवटे, सीलचे जादा जोड आणि दरवर्षी सरावाची तरतूद, इतके पुरे. यातले सील आणि सराव अंदाजपत्रकातून गळणार असतील, तर सूट न घेता गळ आणि दोरावरच काम चालवलेले बरे.