गाण्याला बसणाऱ्या बायका

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आपल्या वाशीत आहे, हे बहुतेक जणींना ठाऊक असतं ते मुलींच्या परीक्षांमुळे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद करत मुली पुढे जातात आणि परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर आयांची ही गर्दी असते. पण त्याच आया, त्याच मुली, एखाद्या संध्याकाळी ख्यालगायनाची बैठक असली की दिसत नाहीत. गाणं शिकणाऱ्या इतक्या, आणि गाण्याला बसणाऱ्या इतक्या थोड्या? आज आपण याचीच जरा मागची गोष्ट पाहू.

पूर्वी गाण्याची बैठक व्हायची ती संस्थानिकांच्या दरबारात किंवा सावकाराच्या दिवाणखान्यात. तिथे गायला उस्ताद असत नाहीतर कलावंतिणी. घरच्या बायकांना त्या खोलीत जागा नव्हती. माजघराच्या दाराआडून किंवा माडीवरून जे कानावर येईल ते त्यांचं. म्हणजे गाणं घरातच चाललेलं आणि घरच्याच बाईला ते चोरून ऐकावं लागे! मुंबईत १८७० साली पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी काढली, १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज निघाला. गाणं म्हणजे सभ्य माणसांनी शिकावं आणि ऐकावं असं काही आहे, हे तिथून पटायला लागलं.

पण बायका खऱ्या अर्थाने ऐकायला लागल्या त्या नाटकाला जाऊन, असं आम्हाला वाटतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं. नाटकगृहात बायकांची बसायची सोय वेगळी असे, तरी त्या असत. पुढे १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आलं. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या आणि गळा बालगंधर्वांचा. बालगंधर्वांचं लुगडं, अंबाडा, दागिने यांची नक्कल बायकांनी केली हे सगळे सांगतात. त्या लुगड्याबरोबर यमन, भीमपलासही घरात आले, हे मात्र कुणी सांगत नाही.

दुसरीकडे विष्णु दिगंबर पलुसकर तिकीट लावून जाहीर जलसे करत होते. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला शाखा आणली. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापलं, तेच हे आपल्या वाशीतलं. तिकिटाचं महत्त्व आपल्याला आज कळत नाही. दिवाणखान्यात जायला यजमानाचं बोलावणं लागे, तिकिटाला फक्त पैसे लागतात. कोण बाई, कुणाची बाई, असं तिकीट विचारत नाही.

आणि मग हिराबाई बडोदेकर. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही लेक. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्री गायिका म्हणून त्यांचं नाव घेतात. काठापदराचं लुगडं, शांत मुद्रा, ना हावभाव ना अदा. व्यासपीठावर अशी बाई बसल्यावर समोर बसायला घरंदाज बायकांना संकोच उरला नाही. बहीण सरस्वतीबाई राणे यांच्याबरोबर त्या जुगलबंदीही गात. दोन बायका एका बैठकीवर, हे त्या काळी नवलच होतं. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर याही त्याच सुमाराच्या. तिघींनीही सोसलं खूप, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

मुंबईला रेडिओ आला १९२७ मध्ये. १९५२ पासून आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा खातं बाळकृष्ण केसकरांकडे होतं. आता पोळ्या लाटता लाटता मालकंस ऐकता येऊ लागला. रेडिओचे उपकार आम्ही इथून बोलणाऱ्यांनी नाकारायचे नाहीत. पण घरात ऐकण्याची सवय लागली आणि बाहेर जाऊन ऐकायचं निमित्तही त्यानेच थोडं काढून घेतलं, हेही खरं.

आता आपलं गाव. सिडको आली १९७० साली. त्याआधीपासून इथल्या आगरी-कोळी गावांतून देवळात रागदारीवर बांधलेली भजनं रात्र रात्र चालत, पखवाजासकट. नव्या वसाहतीत राहायला आलेल्यांनी, आपल्यासारख्यांनी, तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. खाडीवरचा पूल १९७३ चा, पण मानखुर्दहून वाशीला लोकल आली १९९२ मध्ये. तोवर दादर-माटुंग्याच्या बैठकीला जायचं तर रात्री परतीच्या बसची चिंता. भैरवीपर्यंत थांबणार कोण? बायका मध्यंतरातच चपला शोधायच्या. आता वाशीतच विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे. अंतर मिटलं.

वेळ मात्र मिटली नाही. मैफल ठेवतात संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे नेमकी कुकर लावायची, मुलांच्या अभ्यासाची, नोकरीवरून गाडीत लोंबकळत येण्याची वेळ. दिवाळी पहाटेला बघा, साडी नेसून पाचला बायका रांगेत हजर. तिथे बरेचदा भावगीतं-नाट्यगीतं असतात हे कबूल, पण ती वेळ घरच्यांनी आधीच दिलेली असते. २००० च्या ध्वनिनियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले, तेव्हा रात्रभराच्या मैफली गेल्या म्हणून रसिकांनी हळहळ केली. रास्तच आहे. पण त्या रात्रभराच्या मैफलीत अखेरपर्यंत कोण बसत होतं, हेही विचारायला हवं.

आमच्या गटाने आता एक मागणी धरली आहे. महिन्यातून एकदा दुपारी तीनची बैठक ठेवा. मुलं शाळेत, ओटा आवरलेला. नोकरीवाल्यांसाठी शनिवार धरा. आयोजक म्हणतात, दुपारी गवई मिळत नाहीत. पण दुपारचे राग तर आहेत ना! भीमपलास, पटदीप, मुलतानी. संध्याकाळच्या मैफलीत यांची वेळ टळलेली असते, म्हणून ते क्वचितच गायले जातात. आमच्यातल्या विशारद झालेल्या कितीतरी जणींनी परीक्षेत मुलतानी गायलाय, पण समोर बसून कुणाचा पुरता ऐकलेला नाही.