हलत्या जहाजावरून वाहते पाणी कसे मोजावे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरच्या कोळशाचा तुकडा वर्गात दाखवताना मुलांना सांगावे, की हा कोळसा तयार झाला तेव्हा आपला भूभाग गोंडवन महाखंडात अंटार्क्टिकाला लागून होता. पुढे गोंडवन तुटले, अंटार्क्टिकाभोवती समुद्राचे अखंड कडे तयार झाले आणि त्यात पृथ्वीवरचा सर्वांत मोठा सागरी प्रवाह वाहू लागला. तो मोजणे मात्र सोपे नाही.

नदीचा वेग काठावर उभे राहून मोजता येतो. भर समुद्रात काठ नसतो. ज्या जहाजावरून मोजायचे तेही वाहतच असते.

नॉर्वेच्या नान्सेन यांनी या अडचणीचाच उपयोग केला. १८९३ साली त्यांनी 'फ्राम' हे जहाज सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात मुद्दाम अडकू दिले. ते बर्फाबरोबर सरकत १८९६ साली स्पिट्सबर्गेनजवळ मोकळे झाले. सूर्यताऱ्यांवरून स्थान काढताना दिसले, की बर्फ वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे २० ते ४० अंश कलून सरकतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे असे का होते, याचे गणित स्वीडनच्या एकमन यांनी मांडले. दक्षिण गोलार्धात हा कल डावीकडे असतो.

एकमन यांनी प्रवाहमापकही बनवला. दोरीने खोल सोडलेल्या या यंत्रातील पंख्याच्या फेऱ्यांवरून वेग कळे. अधूनमधून बारीक गोळ्या होकायंत्राच्या सुईवरून घरंगळत कप्प्यांत पडत. त्यांवरून दिशा कळे. पण चुंबकीय ध्रुवाजवळ सुईच भरवशाची राहत नाही.

आता जहाजाच्या तळातून ध्वनिलहरी सोडतात. पाण्यातील सूक्ष्म कणांवरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदलते. त्यावरून पाण्याचा जहाजसापेक्ष वेग मिळतो. त्यात जहाजाचा वेग मिळवावा लागतो. जहाज सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असेल आणि त्याची दिशा ठरवण्यात एकच अंश चूक झाली, तर सेकंदाला सुमारे ९ सेंटिमीटरचा खोटा आडवा प्रवाह दिसतो. तेथील कित्येक खरे प्रवाहही एवढेच असतात! उपग्रहांवरून स्थान व दिशा अचूक कळू लागल्यावर ही चूक आटोक्यात आली.

चुकीची किंमत मोठी असते. ड्रेक सामुद्रधुनीतून सेकंदाला सुमारे १३.४ कोटी घनमीटर पाणी वाहते, असे १९७०च्या दशकातील मोजणीवरून ठरले होते. २००७ ते २०११ या काळात तळाशी उपकरणे ठेवून केलेल्या मोजणीत हा आकडा सुमारे १७.३ कोटी निघाला. हा फरकच जगातील सर्व नद्यांच्या एकत्रित प्रवाहाच्या तीसपट आहे.

आपला या पाण्याशी संबंध गोव्यातून आला. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम तेथून निघाली. २००४ साली 'सागर कन्या' हे संशोधन जहाज दक्षिण महासागरात गेले. जुलै २०१४ मध्ये गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राने आणि चेन्नईच्या महासागर तंत्रज्ञान संस्थेने आर्क्टिकमधील काँग्सफ्योर्डन या खाडीत तापमान, क्षारता व प्रवाह नोंदणारी उपकरणमाला नांगरली. तीही एका नॉर्वेजियन जहाजावरूनच.

नांगरलेले उपकरण म्हणजे समुद्रात मिळालेला काठ. पण तो एकाच जागी असतो. जहाज सर्वत्र फिरते. म्हणून दोन्ही लागतात. वर्गात ५० सेंटिमीटरची रेषा काढून ती एका अंशाने वळवावी. टोक किती सरकले ते मुलांनाच मोजू द्यावे.